चढताना इंधनाचा दाब अस्थिर दिसतो: दोष सेन्सरचा की खुद्द दाबाचा?

प्रश्न

नमस्कार. मी बांधलेल्या दोन आसनी विमानात गेल्या काही काळापासून इंधनदाबाचे आकडे अस्थिर दिसत आहेत. त्यांचा अर्थ कसा लावावा आणि तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

विमान धातूचे असून त्याचे पंख खालच्या बाजूस आहेत. इंजिन लायकमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्तीचे, कार्ब्युरेटरचे, इंधन १००एलएल (विमानाचे शिसेयुक्त पेट्रोल). पंखांतल्या दोन टाक्यांमधून इंधन सिलेक्टर व्हॉल्व्हपर्यंत (टाकी निवडण्याच्या झडपेपर्यंत) येते, तिथून केबिनच्या तळाशी बसवलेल्या फिल्टरमधून आणि इलेक्ट्रिक बूस्ट पंपातून (विजेवरच्या साहाय्यक पंपातून) फायरवॉलच्या (केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या अग्निरोधक भिंतीच्या) पलीकडे जाते. फायरवॉलच्या इंजिनकडच्या अंगाला गॅस्कोलेटर (इंधनातले पाणी आणि गाळ खालच्या वाटीत अडवणारी गाळणी) आहे, त्यानंतर इंजिनवरचा यांत्रिक डायफ्रॅम पंप आणि शेवटी कार्ब्युरेटर. दाबाचा सेन्सर इंजिनवर नसून फायरवॉलवर क्लॅम्पने पक्का केलेला आहे आणि यांत्रिक पंपाच्या निर्गम तोंडापासून एका लवचीक होजने जोडलेला आहे. सेन्सर तीन तारांचा आहे; ० ते ३० पीएसआयसाठी (पाउंड प्रति चौरस इंच) तो ०.५ ते ४.५ व्होल्टचा सिग्नल देतो.

जमिनीवर इंजिन सुरू करण्यापूर्वी नुसता बूस्ट पंप लावला, तर आकडा पाच पीएसआयच्या आसपास स्थिरावण्याऐवजी साडेतीन ते सात यांच्या दरम्यान सतत नाचत राहतो. इंजिन सुरू करून बूस्ट पंप बंद केला, की तोच आकडा चारच्या थोडा वर शांत बसतो. टेकऑफनंतर सुरक्षित उंची गाठल्यावर मी बूस्ट पंप बंद करतो. त्यानंतर थोडा वेळ सारे ठीक असते, मग दाब हळूहळू उतरू लागतो. सकाळच्या गारव्यात तो दोनपर्यंत येऊन थांबतो, परंतु गरम दुपारी तो ०.५ च्या लाल रेषेखाली गेला आणि अलार्म वाजला. बूस्ट पंप पुन्हा लावताच दाब तत्काळ वर आला आणि आकडा पुन्हा नाचू लागला. उंची गाठून विमान सरळ केल्यावर आणि पॉवर कमी केल्यावर यांत्रिक पंपावरही दाब अडीच-तीनपर्यंत सावकाश परत येतो. याशिवाय रेडिओवर बोलण्याचे बटण दाबले की आकडा क्षणभर हलतो. या सगळ्यात इंजिन एकदाही अडखळलेले नाही.

सेन्सर नवा बसवून पाहिला, लक्षणे तीच राहिली. फिल्टर उघडून पाहिला, तो स्वच्छ आहे. दोन्ही टाक्यांचे व्हेंट मोकळे आहेत आणि दोन्ही टाक्यांवर वागणूक सारखीच आहे. इंजिन सुरळीत चालते म्हणून हा केवळ आकड्यांचा दोष समजावा, असे मला अनेकांनी सुचवले. परंतु अलार्म वाजल्यानंतर तसे मानून उडत राहणे मला योग्य वाटत नाही आणि म्हणून विमान सध्या हँगरमध्येच ठेवले आहे.

प्रतिसाद १

विमान हँगरमध्ये ठेवण्याचा निर्णय योग्य आहे. आता सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी: आपण जी लक्षणे एका परिच्छेदात सांगितली आहेत, ती बहुधा एका दोषाची नाहीत. आकडा नाचणे हे बूस्ट पंप चालू असताना घडते. दाब उतरणे हे बूस्ट पंप बंद असताना घडते. एक बदल जलद आहे, दुसरा सावकाश. एकाचा उष्णतेशी काही संबंध दिसत नाही, दुसऱ्याचा तो स्पष्ट दिसतो. या दोहोंचे मूळ एकच आहे असे गृहीत धरल्यामुळेच सेन्सर बदलण्यासारखे उपाय होतात आणि हाती काही लागत नाही.

या इंजिनाच्या कार्ब्युरेटरला इंधनाचा दाब किमान ०.५, कमाल ८ आणि अपेक्षित ३ पीएसआय हवा, असे लायकमिंगची चालक-पुस्तिका सांगते. म्हणजे दोनचा आकडा मर्यादेत आहे, साडेतीन ते सात हा नाच देखील मर्यादेतच आहे. मर्यादेबाहेर गेला तो फक्त दुपारचा उतार. म्हणून तपासणीत पहिला मान त्याला द्यावा, जरी डोळ्यांना नाचणारा आकडा अधिक खटकत असला तरी.

इंजिन अडखळले नाही यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे नीट पाहू. टेकऑफच्या पॉवरवर हे इंजिन ताशी साधारण ५५ लिटर इंधन घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मिलिलिटर. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमधला (आतल्या छोट्या वाटीतला) साठा या वेगापुढे फार टिकत नाही. त्यामुळे कित्येक मिनिटे इंजिन सुरळीत चालले असेल, तर तेवढा वेळ पुरेसे इंधन पोहोचत होते हे खरे. मात्र दाब हा पुरवठा आणि मागणी यांच्यातल्या शिलकीचा निदर्शक आहे. दाब शून्याकडे सरकतो तेव्हा शिल्लक संपत आलेली असते आणि त्यानंतर इंजिन बंद पडायला वेगळी पूर्वसूचना मिळेलच असे नाही. उंचावर टाक्या असलेल्या विमानात गुरुत्वाकर्षण थोडी साथ देते. पेट्रोलच्या एक मीटर उंचीच्या स्तंभाने सुमारे १ पीएसआय दाब मिळतो. आपल्या विमानात हेच गणित उलट आहे, कारण टाक्या पंपाच्या खाली आहेत आणि यांत्रिक पंपाला इंधन ओढून वर घ्यावे लागते.

यातूनच सर्वांत महत्त्वाचा धागा मिळतो. बूस्ट पंप चालू असताना त्याच्यापुढची सारी वाट, म्हणजे फायरवॉलची फिटिंग, गॅस्कोलेटर आणि यांत्रिक पंपाचे प्रवेशतोंड, दाबाखाली असते. तो बंद झाला की तीच वाट शोषणाखाली येते. ज्या भेगेतून दाबाखाली जेमतेम ओल झिरपते, त्याच भेगेतून शोषणाखाली हवा सहज आत शिरते. शिवाय शोषणामुळे दाब घटला की पेट्रोल कमी तापमानाला उकळू लागते आणि गरम काउलखाली (इंजिनावरच्या आवरणाखाली) त्याची वाफ होते. हवा असो वा वाफ, डायफ्रॅम पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला आहे. त्याच्या पोटात बुडबुडे गेले की प्रत्येक ठोक्यातला काही भाग ते बुडबुडे दाबण्यात वाया जातो आणि दाब आपण वर्णन केला आहे तसाच सावकाश उतरतो. पॉवर कमी केल्यावर तो परत येणे, दुपारी अधिक उतरणे, बूस्ट पंपाने तत्काळ सावरणे, ही तिन्ही लक्षणे याच्याशी जुळतात. अर्थात थकलेला यांत्रिक पंपही जवळपास असाच वागतो, त्यामुळे निष्कर्ष आताच काढू नये.

माझा आग्रह एवढाच आहे की कोणताही भाग बदलण्यापूर्वी दुसऱ्या, पूर्णपणे स्वतंत्र साधनाने तोच दाब मोजावा. ० ते १५ पीएसआयचा साधा काट्याचा गेज घ्यावा, ज्याला ना तार लागते ना वीज. सेन्सरच्याच होजवर टी-फिटिंग लावून तो जोडावा आणि काउलच्या मागच्या कडेला, विंडस्क्रीनमधून पायलटला दिसेल असा बाहेरच्या बाजूस बांधावा. इंधनाने भरलेली नळी केबिनमध्ये कदापि आणू नये. चाकांना ठोकळे, शेपूट बांधलेले, अग्निशामक हाताशी आणि प्रोपेलरच्या जवळपास कोणीही नाही, अशा व्यवस्थेत काउल लावूनच जमिनीवर इंजिन चालवावे, कारण काउल काढले तर ज्या उष्णतेचा शोध घ्यायचा तीच निघून जाईल. आधी इंजिन चांगले तापवून बंद करावे, उष्णता काउलखाली मुरू द्यावी, मग पुन्हा सुरू करून बूस्ट पंपाशिवाय अधिक पॉवर लावावी. मात्र सिलिंडर-हेडचे तापमान मर्यादेत राहील एवढाच वेळ. काटा आणि इंजिन मॉनिटरच्या (केबिनमधल्या वाचन दाखवणाऱ्या उपकरणाच्या) पडद्यावरचा आकडा एकत्र उतरले तर दाब खरोखरच उतरतो आहे. काटा स्थिर राहून पडद्यावरचा आकडा उतरला, तर विजेच्या बाजूने शोध घ्यावा.

प्रतिसाद २

वरच्या विवेचनाशी सहमत आहे. नाचणाऱ्या आकड्याविषयी मी लिहितो, कारण तो भाग बहुतेक वेळा तारांमध्ये असतो आणि तिथे मोजमापाने लवकर उत्तर मिळते.

आपल्या सेन्सरचा ३० पीएसआयचा पल्ला ४ व्होल्टमध्ये मावतो, म्हणजे १ पीएसआयसाठी सिग्नल सुमारे ०.१३ व्होल्टनेच बदलतो. आता समजा सेन्सरची ऋण तार आणि बूस्ट पंपाची ऋण तार फायरवॉलवरच्या एकाच अर्थिंग बोल्टवर आहेत आणि त्या सांध्याचा रोध ०.२ ओहम झालेला आहे. पंपाने प्रत्येक ठोक्याला दीड अँपिअर घेतले, तर त्या सांध्यावर ०.३ व्होल्टचा फरक पडतो आणि उपकरणाला तो २ पीएसआयहून अधिक दाबबदल वाटतो. या जातीचा पंप पिस्टनचा असतो आणि विद्युतप्रवाह ठोक्याठोक्याने घेतो, त्यामुळे आकडाही ठोक्याठोक्याने उड्या मारतो. नवा सेन्सर बसवूनही लक्षण जसेच्या तसे राहिले, याचे कारण इथे असू शकते. ०.२ ओहम हा रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम श्रेणीत विश्वासाने मोजता येत नाही, म्हणून पुष्कळ जण तार ठीक आहे असे म्हणून पुढे जातात.

मोजण्याची खात्रीची रीत अशी आहे. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवावा. एक टोक सेन्सरच्या ऋण तारेवर, कनेक्टरच्या अगदी मागे, आणि दुसरे टोक इंजिन मॉनिटरच्या स्वतःच्या अर्थिंगवर लावावे. बूस्ट पंप बंद असताना वाचन घ्यावे, मग पंप लावून घ्यावे. दोन्ही वेळा ते काही मिलिव्होल्टच असायला हवे. ५० मिलिव्होल्टचा फरक दिसला तरी आपल्या सेन्सरसाठी तो सुमारे ०.४ पीएसआयचा खोटा बदल आहे. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, ठोक्याचे शिखर दाखवत नाही, हे लक्षात ठेवून त्यातील सर्वोच्च आकडा धरून ठेवण्याची सोय वापरावी. उपाय सरळ आहे: सेन्सरची ऋण तार थेट मॉनिटरच्या अर्थिंगपर्यंत स्वतंत्र न्यावी, पंपाची तार वेगळी ठेवावी आणि सिग्नलची तार अल्टरनेटर, स्ट्रोब किंवा पंप यांच्या तारांच्या जुडग्यातून काढून घ्यावी. रेडिओचे बटण दाबल्यावर आकडा हलतो त्यासाठी सिग्नल तारेचे जाळीदार आवरण एकाच टोकाला अर्थ केलेले आहे ना, ते पाहावे. दोन्ही टोकांना जोडले तर त्या आवरणातूनच प्रवाह वाहू लागतो.

नाचातला काही अंश खराही असेल. पिस्टन पंपाच्या दाबाला स्वाभाविक स्पंदन असते. त्यासाठी सेन्सरकडे जाणाऱ्या होजच्या मुळाशी साधारण १ मिलिमीटर छिद्राची रोधक फिटिंग बसवलेली असावी. तिचा खरा उपयोग दुसराच आहे: ती होज कधी फाटली, तर गरम इंजिनावर इंधनाची धार न पडता केवळ बारीक पाझर पडतो. ही फिटिंग आपल्याकडे नसेल तर बाकी काही सापडो न सापडो, ती अवश्य बसवावी.

आणखी एक सूचना. शून्य तपासायचे असेल, तर होज मोकळी करूनच तपासावे. इंजिन बंद केल्यावर पंपाची झडप आणि कार्ब्युरेटरचा बंद नीडल व्हॉल्व्ह यांच्यामध्ये अडकलेले इंधन उष्णतेने प्रसरण पावते आणि पडद्यावर कधी कधी उड्डाणातल्यापेक्षाही अधिक दाब दिसतो. तो सेन्सरचा दोष नसतो.

प्रतिसाद ३

सावकाश उतरणाऱ्या दाबाला आणखी एक कारण असू शकते आणि ते वरच्या दोन्ही उत्तरांत आलेले नाही. काही दाब-सेन्सर बाहेरच्या हवेशी तुलना करून दाब सांगतात. त्यांच्या पाठीमागे श्वासछिद्र असते, अनेकदा ते कनेक्टरच्या आत किंवा तारेच्या आवरणातून काढलेले असते. काही सेन्सर मात्र पाठीमागून सीलबंद असतात आणि आत कोंडलेल्या दाबाशी तुलना करतात. सीलबंद सेन्सर वापरला, किंवा श्वासछिद्राच्या सेन्सरवर ओल जाऊ नये म्हणून कनेक्टरभोवती सिलिकोन अथवा आकुंचन पावणारी नळी घट्ट बसवली, तर विमान जसजसे चढते तसतसे वाचन कमी होत जाते. समुद्रसपाटीपासून १००० मीटर चढताना हवेचा दाब सुमारे १.६ पीएसआयने आणि २००० मीटर चढताना ३.२ पीएसआयने घटतो. चारचा खरा दाब त्या उंचीवर एकच्याही खाली दिसेल, आणि प्रत्यक्षात पंप व इंजिन दोन्ही निरोगी असतील.

ही शक्यता पारखणे सोपे आहे. अशा दोषात घट उंचीच्या प्रमाणात होते, वेळेच्या किंवा तापमानाच्या नाही. विमान सरळ केल्यावर दाब परत येत नाही आणि बूस्ट पंप लावल्यावर आकडा वर गेला तरी मूळची घट कायम राहते. प्रश्नकर्त्यांच्या वर्णनात सरळ उड्डाणात दाब परत येतो, म्हणून मला स्वतःला हे कारण कमी संभवनीय वाटते. तरीही मॉनिटरमधली नोंद उतरवून घेऊन दाब आणि उंची यांचे आलेख एकाखाली एक ठेवून पाहावेत, म्हणजे शंका उरणार नाही.

यांत्रिक पंपाबद्दल: त्याच्या निचऱ्याच्या नळीचे तोंड काउलखाली कुठे उघडते ते पाहावे आणि तिथे इंधनाचा किंवा तेलाचा थेंब आहे का ते तपासावे. तिथून इंधन टपकत असेल तर डायफ्रॅम फाटला आहे, आणि मग पुढची कोणतीही चाचणी न करता पंप बदलावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सुचवलेल्या क्रमानेच तपासणी केली, ती येथे नोंदवतो.

नोंदीतले आलेख पाहिले. दाबाची घट उंचीशी जुळत नाही. ती बूस्ट पंप बंद करण्याच्या क्षणाशी आणि काउलखालच्या तापमानाशी जुळते. म्हणून तिसऱ्या प्रतिसादातली शक्यता बाजूला ठेवली. यांत्रिक पंपाच्या निचऱ्याची नळी कोरडी आहे.

मिलिव्होल्टचे मोजमाप घेतले तेव्हा बूस्ट पंप बंद असताना वाचन ४ मिलिव्होल्ट होते आणि पंप लावताच सर्वोच्च वाचन २४० मिलिव्होल्टपर्यंत गेले. फायरवॉलवरच्या अर्थिंग बोल्टवर पंप, सेन्सर आणि लँडिंग लाइट यांच्या तारांची टोके एकावर एक होती. बोल्ट काढल्यावर सर्वांत खालच्या टोकाखाली रंगाचा पातळ थर चिकटलेला दिसला. धातू फक्त कडेच्या एका बारीक चंद्रकोरीएवढ्या भागात टेकत होता. सेन्सरची तार स्वतंत्र करून मॉनिटरपर्यंत नेल्यावर बूस्ट पंपावरचा आकडा ४.८ ते ५.३ एवढ्यातच राहतो. रेडिओच्या बटणाचा परिणामही दिसेनासा झाला आहे. रोधक फिटिंग नव्हती, ती मागवली आहे.

उतार मात्र खरा निघाला. काट्याचा गेज जोडून, इंजिन तापवून आणि उष्णता मुरू देऊन चाचणी घेतली. बूस्ट पंप बंद केल्यावर आधी काही वेळ काटा चारवर होता, मग काटा आणि पडदा दोन्ही बरोबरीने उतरून दीडवर आले, तेव्हा मी चाचणी थांबवली. आता यांत्रिक पंप बदलावा का, हा प्रश्न आहे.

प्रतिसाद १

अजून नाही. पंप दोषी असेल तर तो गार असतानाही काही प्रमाणात कमी दाब देतो, आणि आपला पंप गार इंजिनावर चारच्या वर देतो आहे. उष्णतेने झडपांची पकड सुटणे अशक्य नाही, पण शोषणाची वाट तपासणे त्याहून सोपे आहे आणि पंप बदलूनही ती शेवटी तपासावीच लागेल.

प्रथम डोळ्यांनी पाहावे. बूस्ट पंप लावून, इंजिन बंद ठेवून, फायरवॉलपासून यांत्रिक पंपापर्यंत प्रत्येक सांधा चांगल्या प्रकाशात आणि छोट्या आरशाच्या साहाय्याने तपासावा. गळती थेंबाच्या रूपात दिसेलच असे नाही. १००एलएलला निळा रंग दिलेला असतो; पेट्रोल उडून जाते आणि रंग मागे राहतो. सांध्याभोवती फिकट निळसर डाग किंवा धूळ चिकटलेली ओलसर कडा दिसली, तर ती जागा प्रथम संशयित धरावी.

त्यानंतर शोषणाची चाचणी घ्यावी. बूस्ट पंपाच्या निर्गम तोंडापाशी वाट सोडवून बंद करावी, म्हणजे पंपामागचा भाग या चाचणीतून वगळला जाईल. यांत्रिक पंपाचे प्रवेशतोंड सोडवून त्या होजला हाताने चालवायचा निर्वात पंप जोडावा. मधले सारे इंधन आधी पूर्ण काढून वाट कोरडी करणे आवश्यक आहे; आत पेट्रोल उरले तर त्याचीच वाफ होऊन निर्वात कमी होतो आणि धडधाकट सांधाही गळका वाटतो. बाहेरच्या दाबापेक्षा साधारण ०.२५ बारने कमी दाब निर्माण करून काटा काही मिनिटे जागेवर राहतो का, हे पाहावे. राहत नसेल तर एकेक घटक वगळत जावे. गॅस्कोलेटर वगळला की दोष नाहीसा होतो का, हे मी सर्वप्रथम पाहीन. त्याची वाटी दर उड्डाणापूर्वी निचऱ्यासाठी हाताळली जाते, तिचे गॅस्केट उष्णतेने कडक होते आणि आपल्या विमानात तो इंजिनच्या बाजूस आहे. त्याच्यापासून एक्झॉस्ट पाइप किती अंतरावर आहे, हे कृपया कळवावे.

हा भाग निर्दोष निघाला, तर हीच चाचणी बूस्ट पंपामागच्या भागावर घ्यावी. तिथे सिलेक्टर व्हॉल्व्हच्या दांड्यावरची ओ-रिंग पाहण्यासारखी आहे, कारण तो भाग बूस्ट पंप चालू असताना देखील शोषणाखालीच असतो आणि तिथली गळती बाहेर कधीच ओली दिसत नाही. परंतु बूस्ट पंप लावताच आपला दाब पूर्ण सावरतो, त्यामुळे माझा कल पुढच्या भागाकडे आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

गॅस्कोलेटरच निघाला.

आरशात पाहताना वाटीच्या वरच्या कडेभोवती, मागच्या बाजूने, नखाच्या जाडीची फिकट निळी रेघ दिसली. पुढून ती दिसत नव्हती आणि बोटाला ओलही लागत नव्हती. निर्वात चाचणीत काटा सोडताच उतरू लागला. गॅस्कोलेटर वगळून होज थेट जोडल्यावर तो जागचा हलला नाही. वाटी काढली तेव्हा गॅस्केट एका बाजूला चपटे आणि इतके कडक झालेले होते की वाकवताच त्याला आडवी चीर गेली. एक्झॉस्ट पाइप तिथून हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर आहे आणि मध्ये कोणतीही ढाल नाही.

नवे गॅस्केट बसवले, वाटीची कड सपाट काचेवर ठेवून तपासली, ती सरळ आहे. एक्झॉस्टच्या बाजूने स्टेनलेस स्टीलची ढाल लावली आणि पुढच्या बॅफलमधून (थंड हवा वळवणाऱ्या पत्र्यामधून) एक हवेची नळी गॅस्कोलेटरवर सोडली. दोन्ही होजना अग्निरोधक आवरण आधीपासूनच होते. त्यानंतर तीच चाचणी पुन्हा घेतली: इंजिन तापवणे, उष्णता मुरू देणे, बूस्ट पंप बंद, अधिक पॉवर. काटा ३.८ च्या खाली गेला नाही आणि पडदा त्याच्याशी जुळता राहिला.

उड्डाणापूर्वी आणखी काही करणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद १

फार चांगले काम केले आहे. दोन गोष्टी राहिल्या आहेत.

इंधनवाट उघडली गेली आहे, म्हणून प्रवाहाची चाचणी घ्यावी. अमेरिकेच्या एफएएच्या (नागरी विमान वाहतूक प्रशासनाच्या) छोट्या विमानांसाठीच्या भाग २३ च्या नियमांत पंपाच्या व्यवस्थेसाठी टेकऑफच्या खपाच्या १२५ टक्के आणि केवळ गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या व्यवस्थेसाठी १५० टक्के प्रवाह हवा, असा दंडक प्रस्थापित होता आणि स्वतः बांधलेल्या विमानांसाठीही तोच वापरला जातो. आपल्या इंजिनासाठी तो ताशी सुमारे ६९ लिटर, म्हणजे मिनिटाला १.१५ लिटर होतो. विमानाचे नाक सर्वाधिक चढाच्या कोनापर्यंत उचलून, टाकीत कमीत कमी इंधन ठेवून, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी होज सोडवून मोजपात्रात मोजावे. विमान आणि मोजपात्र एकमेकांना तारेने जोडून अर्थ करायला विसरू नये. ही चाचणी दोन्ही टाक्यांवर वेगवेगळी घ्यावी. बूस्ट पंपाने घेतलेली ही चाचणी यांत्रिक पंपाच्या शोषणाबद्दल काही सांगत नाही. त्याची खात्री तापलेल्या इंजिनावरच्या चाचणीने झालेलीच आहे.

दुसरी गोष्ट पहिल्या उड्डाणाची. ते सकाळच्या गार वेळी आणि धावपट्टीच्या माथ्यावर घिरट्या घालतच करावे. बूस्ट पंप नेहमीपेक्षा अधिक उंचीवर बंद करावा, आणि बंद करताना हात स्विचवरच ठेवावा. मॉनिटरची नोंद सेकंदाला एकदा होईल अशी ठेवावी. सकाळची नोंद समाधानकारक वाटली, तरच दुपारचे उड्डाण करावे. अलार्मची खालची मर्यादा ०.५ वरून खाली नेऊ नये. उलट आता आकडा शांत झाला आहे, तेव्हा १.५ वर एक पिवळी सूचना जोडता येईल.

प्रतिसाद २

पुरवणी म्हणून एवढेच: त्या अर्थिंग बोल्टवर लँडिंग लाइटची तारही आहे असे आपण लिहिले होते. टोकांखालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून तो सांधा पुन्हा बांधल्यावर लँडिंग लाइट लावूनही मिलिव्होल्टचे मोजमाप घ्यावे, कारण त्याचा प्रवाह पंपाच्या कितीतरी पट असतो आणि तेलदाबाच्या सेन्सरची ऋण तार त्याच बोल्टवर असेल, तर रात्री दिवा लावल्यावर तेलाचा दाब बदललेला दिसेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तेलदाबाची तार खरोखरच त्याच बोल्टवर होती. तीही स्वतंत्र केली आहे आणि आता दिवा लावून-विझवून दोन्ही दाबांच्या आकड्यांत बदल दिसत नाही. प्रवाहाच्या चाचणीत डाव्या टाकीतून मिनिटाला १.६ लिटर आणि उजवीतून १.५ लिटर मिळाले. सकाळचे उड्डाण झाले: बूस्ट पंप बंद केल्यावर पूर्ण चढाईत दाब ३.६ ते ४.१ राहिला. दुपारच्या उड्डाणात तो ३.२ पर्यंत आला आणि तिथेच थांबला. रोधक फिटिंग आल्यावर बसवीन आणि त्यानंतर काट्याचा गेज व टी-फिटिंग काढून घेईन.